एकोणचाळीस अंकांची भिंत

हडपसर, ४ जानेवारी २०२६

श्रीमती पद्मजाबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

आपण माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. तेजस्विनीच्या हाती पाठवते आहे. ती आपली विद्यार्थिनी आणि आता शाळेत आपल्याच जागी गणित शिकवते, तेव्हा तिला तरी दार उघडाल.

मुद्द्याचं आधी सांगते. येत्या अठरा तारखेला, रविवारी सकाळी, मांजरीच्या आपल्या शाळेत सीताराम सरांच्या स्मरणार्थ एका भिंतीचं अनावरण आहे. माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत कुणीतरी अर्धपुतळ्याचं नाव काढलं. मी उभी राहिले आणि विचारलं, की ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना फळ्याकडे बघायला शिकवलं, त्याच्याकडेच आता पोरांनी का बघत बसायचं? फळ्यावर जे होतं तेच भिंतीवर लावा. पुतळा तिथल्या तिथे पडला.

भिंतीवर सरांची संख्या आहे. एकशेसत्तावीस दोन घ्यायचे, सगळे एकमेकांत गुणायचे आणि उत्तरातून एक काढायचा. एकोणचाळीस अंक येतात. ही मूळ संख्या: एक आणि ती स्वतः सोडल्यास जगातल्या कुठल्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही. आपल्याला हे सांगायची गरज नाही, पण पत्रिकेत मी असंच लिहिलं आहे आणि ते वाक्य मला आवडलं आहे.

चार वर्षांपूर्वी शाळेत आठवीपासून गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवायचा ठराव आला. आपण हात वर केलात, मी केला नाही, आणि दुसऱ्या दिवशी फाटकावर मी जे भाषण केलं त्यानंतर आपलं बोलणं थांबलं. सर गेले तेव्हा मी दहाव्याला आपल्या घरी आले होते. आपण पाणी दिलंत. शब्द दिला नाहीत. त्या भाषणातलं एकही वाक्य मी आज बदलणार नाही, आणि आपणही वर केलेला हात खाली घेणार नाही, हे मला ठाऊक आहे. भिंतीचा त्या ठरावाशी काही संबंध नाही. अंक देवनागरी आहेत, एवढाच काय तो संबंध. हा आग्रह माझा.

संख्या बरोबर आहे का, ही शंका आपल्याला येणारच, म्हणून आधीच सांगते. मी स्वतः तपासली आहे. मराठीची शिक्षिका असले तरी पंचवीस-तीस वर्षं सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आहे. अंकांची बेरीज करत जायची, एकच अंक उरेपर्यंत. तो बीजांक. दोनच्या घातांचे बीजांक दोन, चार, आठ, सात, पाच, एक असे येतात आणि पुन्हा दोनपासून सुरू होतात. एकशेसत्ताविसाव्या घाताला एकवीस फेऱ्या संपून पुन्हा दोनच येतो. त्यातून एक गेला, उरला एक. भिंतीवरच्या अंकांची बेरीज एकशे चौपन्न. एक, पाच आणि चार मिळून दहा, दहाचा एक. जुळलं. सर असते तर शाबास म्हणाले असते.

आपण म्हणणार नाही, पण यावं. पडदा आपण बाजूला करावा. सरांच्या पत्नीवाचून दुसऱ्या कुणाचा तो अधिकार नाही.

आपली,
विजयमाला

हडपसर, ९ जानेवारी

पद्मजाबाई,

तेजस्विनी काल आपल्याकडून परत आली ती तोंड पाडून. मी विचारलं, "येणार आहेत का?"

"ते त्या काही बोलल्या नाहीत, बाई."

"मग काय बोलल्या?"

"मी मोबाइलवर भिंतीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, अकराने भाग जातो. चहात साखर किती घालू?"

चार वर्षांनी आपला पहिला निरोप आला आणि तो असा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, बाईंनी डूख धरला आहे. सरांच्या भिंतीलाही सोडणार नाहीत. तेजस्विनीला म्हटलं, मी बीजांक काढलाय, तो काय खोटा? ती नखं बघत बसली.

दुपारी पाठकोरा कागद घेतला आणि चौथीतल्या पोरीसारखा भागाकार मांडला. सतरामध्ये अकरा एकदा, उरले सहा. साठात पाचदा, उरले पाच. एक्कावन्नात चारदा. कागद संपला, दुसरा जोडला. शेवटी खाली शून्य आलं. मी पुन्हा केला. पुन्हा शून्य.

मग छापील संख्या आणि भिंतीचा फोटो शेजारी ठेवून एकेक अंकावर बोट ठेवत गेले. डावीकडून चौदावा आणि पंधरावा. तिथे सहा-नऊ हवेत. भिंतीवर नऊ-सहा आहेत. एवढंच. बाकी सगळं जागच्या जागी.

आणि माझा बीजांक? सहा अधिक नऊ पंधरा, नऊ अधिक सहा पंधराच. बेरजेला क्रम दिसत नाही. माणसं सगळी हजर आहेत एवढं ती सांगते, कोण कुणाच्या खुर्चीवर बसलंय ते सांगत नाही. मी हजेरी घेतली आणि समजले परीक्षा घेतली.

हा गोंधळ माऊली मिस्त्रीचा. टाइल त्याने लावल्या. सहा आणि नऊ देवनागरीत एकमेकांसारखे दिसतात म्हणून त्याची फसगत झाली असणार. (यावर आपल्या मनात काय आलं ते मला इथे बसून ऐकू येतंय.)

पण पद्मजा, तू त्या फोटोत हे पाहिलंस कसं? तेजस्विनीने मला अकराची कसोटी शिकवली. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक घेऊन त्यांची बेरीज करायची, मधल्या राहिलेल्यांची वेगळी. दोन्ही बेरजा सारख्या आल्या, किंवा त्यांच्यातला फरक अकराच्या पाढ्यातला आला, की अकराने भाग जातो. तू हे पाहुणीला चहा विचारता विचारता मनातल्या मनात केलंस. मला चीड येते ती याचीच. तुझं बरोबर असतं तेव्हासुद्धा तू आवाज चढवत नाहीस.

उद्या दुरुस्त करून घेते. भिंत बरोबर झाली तर येशील ना?

विजयमाला

हडपसर, १३ जानेवारी

पद्मजा,

दुरुस्ती झालेली नाही.

आधी मिस्त्रीकडे गेले. जाताना रिक्षात चांगली चार वाक्यं तयार केली होती. माऊलीने ती ऐकून घेतली, हात पुसले आणि म्हणाला, "बाई, मला सहा-नऊ कळतात. तुम्ही हॉलात जमिनीवर मांडून दिलं, तसं उचलून मी लावलं. फोटो काढला होता, बघा." फोटो होता. जमिनीवर ओळीने टाइल, त्यात नऊ-सहा, आणि त्यांच्या शेजारी माझ्या चपला. मागच्या पत्रात मी त्याचं नाव घेतलं आहे तेवढं खोडून टाक.

मग हिंदुरावांकडे. आता तेच संस्थेचे अध्यक्ष आहेत. मांजरीत उसाच्या फडाच्या जागी ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यातल्या निम्म्या त्यांच्या, पण बसतात अजून गोठ्यापुढच्या खाटेवरच.

"बाई, भिंत झाली, पत्रिका वाटल्या, पाहुणं यायचं हायेत. आता छिन्नी लावली तर शेजारच्या धा टाइली उडतील. पुन्हा भाजायच्या कवा?"

"पण संख्या चुकली आहे."

"आकडं किती हायेत?"

"एकोणचाळीस."

"चुकलं किती?"

"दोन."

"म्हंजे सदतीस बरोबर. मला सरांच्या पेपरात सदतीस पडलं असतं तर आमच्या म्हाताऱ्यानं गावाला पेढं वाटलं असतं."

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. म्हटलं, "हिंदुराव, या संख्येला गुण देता येत नाहीत. दोन अंक हलले की ती थोडी कमी मूळ होत नाही. ती दुसरीच कुठलीतरी संख्या होते, आणि तिला अकराने भाग जातो."

ते खाटेवर सरकून बसले. मग म्हणाले, "तर मंग पाटी बदलू. मूळ संख्या हे शब्द काढून टाकू. 'सरांची आवडती संख्या' असं लिहू. त्यात कोन खोटं काढनार हाय?"

"सरांनी काढलं असतं."

"सर न्हाईत, बाई."

हे ते हळू म्हणाले. तेही सरांचेच विद्यार्थी. वाईट माणूस नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

तेजस्विनीचंही मत त्यांच्यासारखंच. "बाई, लिटरली कुणी चेक करणार नाही. लोक समोर उभे राहून सेल्फी काढणार. नंतर शांतपणे फिक्स करू ना." नंतर म्हणजे कधीच नाही, हे तिला माहीत नाही. ती लहान आहे. मला माहीत आहे.

तुला आठवतं, तुमच्या स्वयंपाकघरात सरांनी मला ही संख्या कशी सिद्ध झाली ते दाखवलं होतं? शंभर-दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका माणसाने नुसत्या कागद-पेन्सिलीवर ते केलं. एकेक विभाजक लावून पाहत बसला असता तर कित्येक जन्म पुरले नसते. त्याने वेगळी वाट काढली. सरांनी ती एकतीसवर करून दाखवली, कारण एकतीस म्हणजे पाच दोनांचा गुणाकार वजा एक. चारपासून सुरुवात. वर्ग करायचा, दोन काढायचे, एकतीसने भागून बाकी ठेवायची, आणि बाकीवर पुन्हा तेच. चारचे झाले चौदा. चौदाचे एकशे चौऱ्याण्णव, बाकी आठ. आठचे बासष्ट, आणि एकतीस दुणे बासष्ट, बाकी शून्य. ठरलेल्या पायरीवर शून्य आलं की संख्या मूळ. एकोणचाळीस अंकांच्या संख्येला हेच शंभरावर वेळा करावं लागतं, आणि एका ठिकाणी हात चुकला की सगळं वाया. पाऊणशे वर्षं याहून मोठी मूळ संख्या कुणाला ठाऊक नव्हती. हाताने सिद्ध झालेल्यांत आजही हीच सगळ्यांत मोठी. परवा संगणकांनी चार कोटी अंकांची एक शोधून काढली. सरांना ती बघायला मिळाली नाही. पाहिली असती तरी ते आपल्या एकोणचाळीस अंकांपाशीच परत आले असते. त्यांना ती मोठी होती म्हणून आवडत नव्हती. एका माणसाने ती शेवटपर्यंत तपासली होती म्हणून आवडत होती.

माझं भाषण तयार आहे. चांगलं आहे. 'ज्याला कुणी भागू शकलं नाही असा माणूस' हे त्याचं पालुपद. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं ठरलं आहे. गेली चाळीस वर्षं मी अंगात आणणाऱ्या बुवांसमोर, ग्रामसभांत, कॉलेजांत एकच सांगत आले, की मी सांगते म्हणून मानू नका, तपासून बघा. या वाक्याला टाळ्या हमखास पडतात. मात्र एकाही सभेत कुणी उठून मला तपासलेलं नाही.

आणि आता पाटी बदलली तर व्यासपीठावर एकही वाक्य खोटं असणार नाही. हेच मला झोंबतंय. खोटं न बोलता खोट्यासमोर उभं राहायची सोय हिंदुरावांनी करून दिली आहे.

रविवारी मी काय करावं हे तू सांगावंस असं मला वाटतं. तू सांगणार नाहीस.

विजयमाला

मांजरी, १८ जानेवारी, संध्याकाळ

पद्मजा,

तू आली नाहीस. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची बराच वेळ राखून ठेवली होती. शेवटी तिच्यावर पाहुण्यांचा ड्रायव्हर बसला.

पडदा हिंदुरावांनी ओढला. भिंत दिसते मात्र देखणी. विटकरी टाइलवर पांढरे अंक, सकाळचं ऊन अगदी समोरून. टाळ्या झाल्या. पाटी बदललेली होती: सरांची आवडती संख्या. मग माझं नाव पुकारलं.

मी कागद पर्समधून काढलाच नाही. म्हटलं, "आज भाषण नाही, बेरीज आहे. मधल्या वाटेच्या डावीकडे बसलेल्यांनी पहिला, तिसरा, पाचवा असे अंक घ्यायचे. उजवीकडच्यांनी दुसरा, चौथा, सहावा. मोठ्याने. पाहुण्यांनीसुद्धा." तेजस्विनी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने फळ्याची काठी उचलली आणि पहिल्या टाइलवर टेकवली.

सुरुवातीला लाजले. तिसऱ्या-चौथ्या अंकाला आवाज लागले. उजवीकडे एक आजोबा दोन्हीकडचे अंक घ्यायला लागले तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, आपली पाळी नाही. गप बसा की जरा." सगळा मांडव हसला आणि मग मात्र कुणाला थांबवणं शक्य नव्हतं. डावीकडून शेवटचा सात आला, पाठोपाठ आरोळी, "सत्त्याहत्तर!" उजवीकडचे क्षणभर कुजबुजले आणि ओरडले, "आमचेही सत्त्याहत्तर!" कुणीतरी मागून म्हणालं, "बरोबरी!" आणि सामना अनिर्णित सुटल्यासारख्या टाळ्या पडल्या.

मी टाळ्या संपू दिल्या. मग म्हटलं, "बरोबरी झाली म्हणजे आपण हरलो." आणि सांगितलं. मूळ संख्या म्हणजे काय, सरांची संख्या कोणती, एवढ्या मोठ्या मूळ संख्येत ही बरोबरी का होऊच शकत नाही. कुठले दोन अंक उलटे लागले. ते मिस्त्रीने नाही, मी मांडले. मी बीजांक काढून तपासलं आणि माझी तपासणी अपुरी होती.

शांतता झाली. पद्मजा, व्यासपीठावर मी शांतता पुष्कळ वापरली आहे. ही माझ्या हातातली नव्हती. हिंदुराव माझ्याकडे बघत नव्हते, ते भिंतीकडे बघत होते.

तेवढ्यात मागून एक बाई उठली. तिच्या दोन मुली आपल्या शाळेत आहेत. "मग बरोबर आकडे सांगा की बाई. आम्ही पुन्हा करतो." आणि पुन्हा केलं. तेजस्विनीने चौदाव्या आणि पंधराव्या टाइलवर कागद चिकटवले, त्यावर सहा आणि नऊ. डावीकडचे ऐंशी, उजवीकडचे चौऱ्याहत्तर. फरक सहा. "म्हणजे आता मूळ आहे हे पक्कं?" ड्रायव्हरने विचारलं, तुझ्या खुर्चीवरून. मी म्हटलं, "नाही. अकराने जात नाही एवढंच पक्कं. बाकीचं ज्याने केलं त्याला शंभरावर पायऱ्या लागल्या." मग मी सरांच्या एकतीसची गोष्ट सांगितली, चार, चौदा, आठ, बासष्ट, आणि खाली उतरले. टाळ्या पडल्या नाहीत, कारण लोक एकमेकांना समजावून सांगण्यात गुंतले होते.

नववीतली एक मुलगी जवळ आली. "बाई, मूळ संख्या म्हणजे प्राइम नंबर ना? आम्हाला ते झालंय." मी हो म्हटलं. पुढे काही जोडलं नाही. याची नोंद घे.

हिंदुरावांनी मला फाटकापाशी गाठलं. "बाई, पाहुण्यांपुढं संस्थेची शोभा केलीत."

"केली. पाटीही पुन्हा बदला."

ते चपलेने खडी उकरत राहिले. "माझं पन बेरजेत चुकत होतं मघाशी," ते म्हणाले. "सात सुटला मधला. बायकोनं सांगितला." मग जीपमध्ये बसताना, "परवा छिन्नी लावतो. पन मांडनी तुम्ही करायची न्हाई. सांगून ठेवतो."

हे सगळं तुला कळवायचं होतं. येण्याबद्दल आता काही म्हणत नाही.

विजयमाला

हडपसर, ३० जानेवारी

पद्मजा,

छिन्नी लावताना शेजारच्या फक्त तीन टाइल तडकल्या. नव्या भाजून आल्या, माऊलीने लावल्या. तेजस्विनी समोर उभी राहून एकेक अंक वाचत होती आणि मी लांब बाकावर हात बांधून बसले होते.

काल दुपारी तू आलीस. शिपायाने तुला सांगितलं की मी आलेले नाही. तो खोटं बोलला नाही, त्याला माहीत नव्हतं. मी मागच्या फाटकाने येऊन ग्रंथालयात बसले होते, आणि ग्रंथालयाची खिडकी भिंतीसमोर उघडते.

तू पर्स खाली जमिनीवर ठेवलीस. केस आता सगळे पांढरे झालेत तुझे. मी उठले. दारापर्यंत आले, चप्पल पायात घातली. काय म्हणायचं तेही तयार होतं. माझ्याकडे ते नेहमीच तयार असतं. मग मला तुझे ओठ हलताना दिसले. तू डावीकडच्या टोकापासून निघाली होतीस आणि भिंतीच्या मध्यावर होतीस.

तिथे कुणी हाक मारली तर माणसाला पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

मी दारात उभी राहिले. तू उजव्या टोकाला पोचलीस, आणि मला वाटलं झालं. पण तू तिथूनच परत फिरलीस आणि तीन-तीन अंक एकदम घेऊ लागलीस. तेजस्विनी म्हणते ती सात आणि तेराची कसोटी असणार. ती तुझ्या जागी रुजू झाली तेव्हा तीसुद्धा तूच तिला शिकवलीस म्हणे, इंग्रजीतून. तू पुन्हा डावीकडे पोचलीस, पहिल्या एकाच्या टाइलवर तळहात टेकवलास आणि तसाच ठेवलास. तेव्हा तू मोजत नव्हतीस, तरीही मला पाऊल टाकता आलं नाही. मग मधली सुट्टी झाली, पोरं बाहेर लोटली, आणि पांगली तेव्हा तू रिक्षात बसत होतीस.

येत्या रविवारी मी तुझ्याकडे येते आहे. समेटाला नाही, त्या ठरावावर वाद घालायला येते. माझं म्हणणं अजून तेच आहे आणि तुझंही तेच असेल. फरक एवढाच, की चार वर्षांपूर्वी तू हात का वर केलास हे मी तुला विचारलंच नव्हतं. ते आधी तू सांग. सगळं सांगून होईपर्यंत मी मध्ये बोलणार नाही. हे मला जमेल का अशी शंका तुला येईल, पण काल जमलं.

विजयमाला